बेळगावातून उठलेला कारखाना

बेळगावच्या किर्लोस्कर रोडवरून आपण नेहमी जातो. हे आडनाव देशभर पोहोचवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुळात चित्रकार व्हायला निघाले होते.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. शाळेत मन रमेना, म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे कळले की, त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. रंग सुटले, पण रेषा हातात होती. ते यांत्रिक रेखाटन शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. यंत्राचा प्रत्येक भाग कागदावर उतरवायचा, तर तो आधी समजून घ्यावा लागतो. ही समजच पुढे त्यांचे भांडवल ठरली.

हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावात थोरले बंधू रामूअण्णांबरोबर सायकलींचे दुकान थाटले. दुरुस्ती करता करता कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले, मग लोखंडी नांगर. पण लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत! पहिला नांगर विकला जायला सुमारे दोन वर्षे लागली. लक्ष्मणरावांनी नांगराचा नाद सोडला नाही.

धंद्याला बरे दिवस येतात न येतात तोच नवे संकट आले. शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा सोडावी लागणार होती. चाळिशीच्या उंबरठ्यावर बसलेला संसार उठला. अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची जमीन दिली. निवडुंग माजलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे.

शिक्षकाची नोकरी कधीच मागे पडली होती, पण शिकवणे चालूच राहिले. आसपासच्या खेड्यांतून आलेली शेतकऱ्यांची मुले या कारखान्यात ओतकाम, जोडकाम शिकून कारागीर झाली. धाकट्या पिढीतही विद्येचा मान राहिला. पुत्र शंतनुराव अमेरिकेतील एमआयटीतून यंत्रशास्त्र शिकून परतले आणि त्यांनी व्याप वाढवला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. १९६९ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. बेळगावला मात्र आठवण ठेवायची, ती त्यांच्या सायकलच्या दुकानाची. आपल्या घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी आयटीआयला जायचे म्हणते, तेव्हा नाक मुरडण्यापूर्वी ते दुकान आठवावे.