निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर

प्रश्नपत्रिकेंत निबंधाचा प्रश्न दिसला म्हणजे पुष्कळ विद्यार्थ्यांच्या पोटांत गोळा उठतो. कोणी पाठ केलेल्या वाक्यांची गर्दी करितो, कोणी विषयाच्या भोंवतीं तीन पानें घिरट्या घालितो आणि घंटा झाली म्हणजे मध्येंच थांबतो. यावर उपाय म्हणून नियमांच्या याद्या घोकण्याची चाल आहे. परंतु पोहण्याचे नियम पाठ करून कोणी पोहूं लागत नाहीं. त्यापेक्षां ज्या पुरुषानें मराठींत निबंधाला प्रतिष्ठा मिळवून दिली, तो कसा वाचीत गेला, कसा लिहीत गेला आणि त्या लेखनासाठीं त्यानें काय सोसलें, हें पाहणें अधिक उपयोगाचें. म्हणून विष्णुशास्त्री चिपळूणकर यांचें अल्प चरित्र येथें सादर करीत आहें.

विष्णुशास्त्र्यांचा जन्म पुण्यांत २० मे १८५० रोजीं झाला. त्यांचे वडील कृष्णशास्त्री हे संस्कृत व इंग्रजी या दोन्ही विद्यांत निष्णात असून मराठींतील नामांकित लेखक होते. अरबी भाषेंतील सुरस गोष्टी मराठींत आणण्याचें काम त्यांनींच हातीं घेतलें होतें. अशा घरीं जन्मलेल्या मुलाला पुस्तकांची गोडी लागली यांत नवल नाहीं. नवल आहे तें त्या गोडीच्या खोलीचें. डेक्कन कॉलेजांत शिकत असतां नेमलेल्या पुस्तकांपेक्षां न नेमलेल्या पुस्तकांकडे त्यांचा ओढा अधिक असे. एका बाजूस जॉन्सन व मेकॉले हे इंग्रज ग्रंथकार आणि दुसऱ्या बाजूस कालिदास, भवभूति, बाण हे संस्कृत कवि, अशा दोन्ही तीरांवरून त्यांनीं पाणी भरून घेतलें. १८७२ सालीं ते बी. ए. झाले. तत्पूर्वींच वडिलांच्या ‘शाळापत्रक’ मासिकांत त्यांची लेखणी चालूं लागली होती. संस्कृत कवींवरील त्यांचे निबंध प्रथम तेथेंच निघाले. जॉन्सनच्या ‘रासेलस’ कथेचें वडिलांनीं आरंभिलेलें भाषांतरहि पुढें मुलानें पुरें केलें. पहिला निबंध लिहिण्यापूर्वीं किती वाचावें लागतें, याचा धडा येथें मिळतो. विहिरींत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार?

पदवी मिळाल्यावर त्यांनीं सरकारी हायस्कुलांत शिक्षकाची नोकरी धरली आणि ती चालू असतांनाच जानेवारी १८७४ पासून ‘निबंधमाला’ हें मासिक पुस्तक काढण्यास आरंभ केला. त्या वेळीं त्यांचें वय अवघें तेवीस वर्षांचें होतें. मराठींत गद्य तत्पूर्वीं नव्हतें असें नाहीं. बाळशास्त्री जांभेकरांनीं १८३२ सालीं ‘दर्पण’ काढलें होतें. लोकहितवादींचीं शतपत्रें १८४८ पासून प्रसिद्ध झालीं होतीं. अहमदनगरास १८४२ सालीं निघालेला ‘ज्ञानोदय’ चालू होता आणि बाबा पदमनजींचें ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालींच लोकांच्या हातीं आलें होतें. तथापि इंग्रजी शिकलेला तरुण मराठींत लिहिणें हें कमीपणाचें मानी. नेमका हाच समज विष्णुशास्त्र्यांस खोडावयाचा होता. म्हणून मालेचा पहिला निबंध त्यांनीं मराठी भाषेच्या त्या वेळच्या स्थितीवर लिहिला. पुढें सात वर्षांत मालेचे चौऱ्यायशीं अंक निघाले आणि त्यांतील बहुतेक सारा मजकूर या एकाच गृहस्थाच्या हातचा होता. वाचन, वक्तृत्व, इतिहास, भाषापद्धति, लेखनशुद्धि, लोकभ्रम, विद्वत्त्व आणि कवित्व, मोरोपंतांची कविता, डॉक्टर जॉन्सन असे त्यांचे विषय पाहिले म्हणजे त्यांच्या बुद्धीचा आवांका ध्यानीं येतो.

आतां या निबंधांची बांधणी पाहूं. विषयाचें नांव मथळ्यावर एकदां घातलें म्हणजे तो विषय विष्णुशास्त्री सहसा हातचा सोडीत नाहींत. आरंभीं एखादी सर्वांस मान्य होईल अशी गोष्ट सांगून ते वाचकाला आपल्याबरोबर घेतात. मग विषयाची मर्यादा आंखतात. नंतर एक एक मुद्दा पुढें मांडून त्यास इतिहासांतील, काव्यांतील किंवा नित्याच्या व्यवहारांतील दाखल्याचा आधार देतात. प्रतिपक्षाचें म्हणणें काय असेल तें स्वतःच पुढें आणून त्याचें खंडन करणें, ही तर त्यांची आवडती रीत. शेवटीं वाचकानें काय करावें किंवा काय मानावें, हें स्पष्ट झाल्यावांचून ते लेखणी खालीं ठेवीत नाहींत. घराला जसा पाया, भिंती व छप्पर, तसे त्यांच्या निबंधाला प्रस्ताव, प्रतिपादन आणि निष्कर्ष हे तीन भाग असतात. आणि भिंत पायाच्या बाहेर गेलेली क्वचितच आढळते. विद्यार्थ्यानें कागदाच्या कोपऱ्यांत आधीं मुद्दे टांचून मग लिहावयास बसावें असें आम्ही शिक्षक वारंवार सांगतों, त्याचें कारण हेंच आहे.

भाषेविषयीं त्यांचा कटाक्ष विशेष होता. इंग्रजी वाक्याचा सांगाडा तसाच ठेवून त्यावर मराठी शब्दांचें कातडें चढविण्याची जी खोड भाषांतरकारांस लागली होती, तिच्यावर त्यांनीं कडक टीका केली. त्यांचें स्वतःचें वाक्य पुष्कळदां लांब असतें, परंतु त्याचा कर्ता व क्रियापद यांची चुकामूक होत नाहीं. संस्कृत शब्दांच्या शेजारीं ते घरगुती म्हण बिनदिक्कत बसवितात. त्यामुळें पांडित्य जड होत नाहीं आणि विनोद पोरकट वाटत नाहीं. इंग्रजीचा त्यांचा व्यासंग दांडगा असूनहि त्यांनीं तिच्यापासून घेतली ती विचार मांडण्याची शिस्त; वाक्यरचना मात्र आपल्या आईच्या तोंडची ठेविली. आज इंग्रजींत विचार करून मराठींत उतरवून काढणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हा भेद नीट समजून घ्यावा.

या लेखनाची किंमत त्यांस द्यावी लागली. सरकारी नोकरांत राहून स्पष्ट लिहिणें हें तेव्हां सोपें नव्हतें. त्यांची बदली पुण्याहून रत्नागिरीस झाली, आणि अखेर १८७९ सालीं त्यांनीं नोकरीचा राजीनामा दिला. पगाराची निश्चिति सुटली; परंतु हात मोकळे झाले. १ जानेवारी १८८० रोजीं बाळ गंगाधर टिळक व माधवराव नामजोशी या तरुणांसह त्यांनीं पुण्यांत न्यू इंग्लिश स्कूल उघडलें. पुढल्याच वर्षाच्या जानेवारींत ‘मराठा’ व ‘केसरी’ हीं पत्रें निघालीं. छापखाना, चित्रशाळा, पुस्तकांचें दुकान, जुन्या काव्यांचा व ऐतिहासिक कागदांचा संग्रह अशा अनेक उद्योगांत त्यांचा हात होता. मालेचा शेवटचा निबंध देशाच्या स्थितीवर होता, आणि तो इतका झोंबणारा ठरला कीं पुढें इंग्रज सरकारनें तो जप्त केला. १७ मार्च १८८२ रोजीं विष्णुशास्त्री वारले. बत्तिसावें वर्षहि पुरें झालें नव्हतें.

येथवर गुणांचें वर्णन झालें. परंतु चरित्रलेखकानें एकच बाजू सांगणें हें खुद्द निबंधाच्या धर्मास सोडून होईल. विष्णुशास्त्री हे मिशनऱ्यांचे कडवे टीकाकार होते. ज्या शाळांतून तुम्ही आम्ही शिकलों, तसल्या शाळा चालविणाऱ्यांवर त्यांनीं कठोर प्रहार केले. तेवढ्यावरून त्यांचें पुस्तक मिटून ठेवावें असें मला वाटत नाहीं; टीकेंत कांहीं सत्य असेल तर तें घ्यावें, नसेल तर सप्रमाण उत्तर द्यावें. अधिक खेद वाटतो तो दुसऱ्या गोष्टीचा. लोकहितवादी व जोतीराव फुले यांच्याशीं वाद करतांना त्यांची लेखणी पुष्कळदां उपहासाकडे वळली. जोतीरावांच्या विचारांपेक्षां त्यांच्या व्याकरणाच्या चुकांवर त्यांनीं अधिक हत्यार चालविलें. जोतीराव हे पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले. त्यांनीं १८४८ सालीं मुलींची शाळा काढून ज्यांना अक्षराची बंदी होती त्यांना अक्षर दिलें. ज्याच्या हजारों बांधवांस पाटीच मिळाली नव्हती, त्याच्या ऱ्हस्वदीर्घास हसणें सोपें होतें. त्याच्या प्रश्नास उत्तर देणें अवघड होतें. काळानें त्या प्रश्नाच्या बाजूनें निकाल दिला आहे. उत्तम बांधणी, शुद्ध भाषा आणि धारदार विनोद हीं तिन्हीं असूनहि प्रतिपक्षाला न्याय दिला नाहीं तर निबंध तितक्यापुरता अधुरा राहतो, हें याहून स्पष्टपणें कोणतें व्याकरण शिकवील?

आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. विष्णुशास्त्र्यांनीं स्थापिलेल्या शाळेस पुढें येऊन मिळालेले गोपाळ गणेश आगरकर हे ‘केसरी’चे पहिले संपादक झाले. समाजसुधारणेविषयीं त्यांचीं मतें विष्णुशास्त्र्यांच्या मतांच्या अगदीं उलट होतीं, आणि १८८८ सालीं त्यांनीं ‘सुधारक’ पत्र काढून तीं निर्भयपणें मांडलीं. परंतु तीं मांडण्यास जें गद्य लागलें, त्याचा रस्ता निबंधमालेनें तयार करून ठेविला होता. मालाकारांच्या मतांशीं झगडणाऱ्यासहि त्यांच्याच भाषेचा उपयोग झाला. लेखकाचीं मतें मागें पडतात, पण त्यानें भाषेस लावलेलें वळण टिकतें, तें असें.

तेव्हां विद्यार्थिबंधुभगिनींनो, पुढल्या वेळीं निबंध लिहावयास बसाल तेव्हां प्रथम स्वतःस विचारा कीं या विषयावर मजपाशीं सांगण्यासारखें काय आहे. कांहीं नसेल तर लेखणी ठेवून ग्रंथालयांत जा. असेल तर मुद्दे टांचा, त्यांचा क्रम लावा, आणि प्रत्येक मुद्द्याला एक तरी खरा दाखला शोधा. जें घरीं बोलतां त्या मराठीची लाज धरूं नका. तिला शुद्ध व नीटनेटकी मात्र करा. तुमच्याशीं ज्याचें मत जुळत नाहीं, त्याचें म्हणणें त्यालाहि मान्य होईल अशा शब्दांत आधीं लिहा आणि मग त्यास उत्तर द्या. यांपैकीं शेवटची गोष्ट खेरीज करून बाकीच्या सर्व विष्णुशास्त्र्यांपासून पोटभर शिकतां येतील. ती एक शेवटची गोष्ट त्यांच्या चुकीवरून शिकावी, आणि त्यांचे उपकार स्मरून त्यांच्या पुढें एक पाऊल टाकावें.