सर अॅस्टली कूपर : मेणात उमटलेल्या दुग्धनलिका

इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातील ब्रूक या गावी, २३ ऑगस्ट १७६८ रोजी, एका धर्मोपदेशकाच्या घरात अॅस्टली कूपर यांचा जन्म झाला. काका लंडनच्या गाय्ज रुग्णालयात शल्यचिकित्सक होते. कूपर यांनीही तीच वाट धरली आणि १८०० मध्ये त्याच रुग्णालयात ते शल्यचिकित्सक झाले. राजे चौथे जॉर्ज यांच्या डोक्यावरील गाठ त्यांनी काढली. १८२१ मध्ये त्यांना बॅरोनेट ही पदवी मिळाली.

या वैभवाला एक काळी किनारही होती. त्या काळी विच्छेदनासाठी मृतदेह मिळत ते बहुधा थडगी उकरणाऱ्या चोरांकडून. कूपर त्यांचे मोठे गिऱ्हाईक होते आणि १८२८ मध्ये संसदीय समितीपुढे त्यांनी हा व्यवहार लपवलाही नाही.

स्तनाच्या रचनेवरील त्यांचा सचित्र ग्रंथ १८४० मध्ये, म्हणजे मृत्यूच्या जेमतेम वर्षभर आधी, प्रसिद्ध झाला. अंगावर पाजत असताना मरण पावलेल्या स्त्रियांच्या दुग्धनलिकांत स्तनाग्राच्या छिद्रांतून रंगीत मेण सोडायचे, ते घट्ट झाले की भोवतीचे ऊतक दूर करायचे, अशी त्यांची पद्धत होती. स्तनाग्रावर बावीसपर्यंत छिद्रे त्यांना दिसली. परंतु मेण शिरले ते बहुधा सात ते दहा नलिकांत, फार तर बारांत. ही नोंद त्यांनी प्रामाणिकपणे केली होती. पाठ्यपुस्तकांत मात्र पंधरा ते वीस हाच आकडा रूढ झाला. स्तनाग्रामागे दूध साठवणाऱ्या फुगीर पिशव्याही त्यांनी वर्णिल्या होत्या. त्या तेवढ्या बिनतक्रार स्वीकारल्या गेल्या!

कूपर १२ फेब्रुवारी १८४१ रोजी निवर्तले. पुढे तब्बल दीड शतकाहून अधिक काळ त्यांच्याच चित्रांवर वैद्यकाची भिस्त राहिली.

ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे डोना रॅम्झी आणि सहकाऱ्यांनी स्तनपान करणाऱ्या २१ मातांची सोनोग्राफी केली. निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. ध्वनिलहरींच्या चित्रात दुधाने भरलेली नलिका काळसर पट्ट्यासारखी दिसते. प्रत्येक स्तनात सरासरी नऊच मुख्य नलिका आढळल्या, सुमारे दोन मिलिमीटर रुंदीच्या, स्तनाग्राजवळच फांद्या फुटलेल्या. म्हणजे कूपर यांची मोजणी खरी होती. पिशव्या मात्र कुठेच नव्हत्या; मृत ऊतकातील नलिका मेणाच्या दाबाने फुगल्या असाव्यात. काही स्तनांत तर चारच मुख्य नलिका होत्या, आणि अशा मातेवर शस्त्रक्रिया करताना एक नलिका जरी कापली गेली, तरी दुधाची पाव वाट बंद होऊ शकते.