अण्णासाहेब किर्लोस्कर

धानाची कापणी आटोपली कीं चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टींत गांवोगांवीं रात्रभर नाटकें रंगतात. पात्र बोलतां बोलतां गाऊं लागतें, आणि त्याचें कोणासहि नवल वाटत नाहीं. एके काळीं पुण्यासारख्या शहरासहि तें नवल वाटलें होतें.

तें ज्यांनीं घडविलें, ते बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर ३१ मार्च १८४३ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें जन्मले. त्याच वर्षीं सांगलीस विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणिलें. भाव्यांच्या नाटकांत गाण्याचा सारा भार सूत्रधारावर असे; पात्रें हावभाव करीत आणि आयत्या वेळीं सुचेल तें बोलत.

अण्णासाहेब शिक्षणासाठीं पुण्यास आले खरे, परंतु त्यांचा जीव पुस्तकांपेक्षां नाटकांतच अधिक रमला. (आमच्या विद्यार्थ्यांनीं एवढें एक अनुकरण करूं नये!) पुढें ते बेळगांवास शिक्षक झाले, नाटककार गोविंद बल्लाळ देवल हे त्यांचे तेथील शिष्य. नंतर पुण्यास रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरींत असतां त्यांनीं एका पारशी मंडळीचा ‘इंद्रसभे’चा प्रयोग पाहिला. तेथें पात्रें स्वतः गात होतीं. मग मराठीनेंच मागें कां राहावें, या विचारानें त्यांस चैन पडेना. त्यांनीं कालिदासाचें शाकुंतल मराठींत आणिलें आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहांत त्याचे पहिले चार अंक करून दाखविले. मोरोबा वाघोलीकर व बाळकोबा नाटेकर यांसारखे कसलेले गायक त्यांस लाभले होते. दरबारांत आणि बैठकींत कोंडलेली रागदारी आतां तिकीट काढून बसलेल्या साध्या माणसाच्या कानीं पडूं लागली. आमच्या मतें अण्णासाहेबांचें खरें थोरपण येथेंच आहे.

१८८२ सालचें ‘सौभद्र’ तर त्यांची स्वतंत्र रचना. रागदारीच्या चिजा, साकी, दिंडी, लावणी, कर्नाटकी चाली हें सर्व त्यांनीं अशा बेतानें गुंफिलें कीं कोठें ठिगळ म्हणून दिसेना. त्याच सुमारास बडोद्याचे भाऊराव कोल्हटकर मंडळींत आले, आणि त्यांच्या सुभद्रेनें प्रेक्षकांस वेड लाविलें.

१८८४ सालीं ‘रामराज्यवियोगा’चे तीन अंक झाले. तें नाटक अपुरेंच राहिलें. २ नोव्हेंबर १८८५ रोजीं, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं, अण्णासाहेब निवर्तले. संगीत नाटकासाठीं त्यांस अवघीं पांच वर्षें मिळालीं.

मंडळी मात्र मोडली नाहीं. १८९९ सालीं तिनेंच देवलांचें ‘शारदा’ रंगभूमीवर आणिलें, आणि १९०५ सालीं नारायण राजहंस नांवाचा एक कोवळ्या गळ्याचा मुलगा तिच्यांत दाखल झाला. त्यासच महाराष्ट्र बालगंधर्व म्हणून ओळखतो.