पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर : झीज आणि जीर्णोद्धार

देवळाचा उंबरठा भाविकांच्या पावलांनी झिजतो. पायऱ्यांना पावसापाण्याने पोचे पडतात. दगडांच्या दरजांतला चुना दर पावसाळ्यात थोडा थोडा धुपून जातो आणि पाखरांनी टाकलेले पिंपळाचे बी त्या फटीत रुजते. पहिल्या वर्षी दोन पानांचे दिसणारे ते रोप वीस वर्षांत भिंत उकलते. एका दिवसात काहीच पडत नाही, म्हणूनच झीज कोणाच्या ध्यानात येत नाही. मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी, ही झीज ओळखून तिच्यावर उपाय करण्यात आयुष्य वेचणाऱ्या पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांच्या चरित्राचे स्मरण करणे उचित ठरेल.

अहिल्याबाईंचा जन्म सन १७२५ मध्ये चौंडी या गावी झाला. हे गाव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात आहे. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. सुभेदार मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी विवाह होऊन ही पाटलाची लेक होळकरांच्या घरात आली. मल्हाररावांनी सुनेचे गुण ओळखले आणि हिशेब, पत्रव्यवहार व कारभार यांत तिला तयार केले.

पुढे घरातले एकेक माणूस गळत गेले. सन १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेचा गोळा लागून पडले. सती जाण्यास निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी विनवून मागे फिरविले. सन १७६६ मध्ये मल्हाररावही गेले आणि वर्ष पुरे होण्याआधीच पुत्र मालेराव निवर्तले. दौलतीला वारस उरला नाही. अशा वेळी अहिल्याबाईंनी कारभार आपल्या हाती घेतला, माधवराव पेशव्यांनी त्यास मान्यता दिली आणि फौजेची धुरा तुकोजी होळकरांनी वाहिली. नर्मदेकाठचे महेश्वर हे राजधानीचे ठिकाण झाले.

तिथला त्यांचा दिनक्रम ठरलेला असे. पहाटे उठून स्नान, पूजा व पुराणश्रवण, नंतर दानधर्म, दुपारपासून सायंकाळपर्यंत दरबार आणि रात्री पुन्हा कामकाज. पडदा न पाळता त्या रयतेची गाऱ्हाणी स्वतः ऐकत. पांढरे वस्त्र, साधा आहार आणि अंगावर नावापुरता दागिना. जवळजवळ अठ्ठावीस वर्षे हा क्रम चालला.

या काळात त्यांची दृष्टी आपल्या मुलखापुरती राहिली नाही. काशीचे विश्वनाथ मंदिर सन १६६९ मध्ये पाडले गेले होते. अहिल्याबाईंनी ते सन १७८० मध्ये पुन्हा उभे केले. सोमनाथ येथे जुन्या मंदिराचे भग्नावशेष होते. तिथून जवळच सन १७८३ मध्ये त्यांनी नवे देवालय बांधून पूजा सुरू केली. गयेचे विष्णुपद मंदिर, काशीचा मणिकर्णिका घाट, वेरूळचे घृष्णेश्वर अशा अनेक ठिकाणी त्यांच्या कार्याच्या खुणा आहेत. विहिरी, बारवा, घाट, धर्मशाळा यांची तर गणतीच नाही. हा खर्च राज्याच्या खजिन्यातून नव्हे, तर होळकरांच्या खासगी उत्पन्नातून होई.

परंतु त्यांचे खरे शहाणपण बांधकामाच्या पुढचे आहे. देऊळ बांधून झाले की काम संपले, असे त्यांनी मानले नाही. पूजा, नंदादीप आणि अन्नछत्र यांसाठी वर्षासने बांधून दिली. दूरदूरच्या देवस्थानांना गंगाजलाच्या कावडी नेमाने पोचाव्यात, अशी तजवीज केली. ज्या देवळात रोज दिवा लागतो, तिथे रोज केरसुणी फिरते. जिथे केरसुणी फिरते, तिथे गळणारे छप्पर आणि भिंतीत उगवलेले रोप वेळीच दिसते. दिवा बंद पडला की पडझड तिथूनच सुरू होते.

दुःखाने त्यांची पाठ अखेरपर्यंत सोडली नाही. कन्या मुक्ताबाईंचा एकुलता एक पुत्र गेला. त्यानंतर सन १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि मुक्ताबाई सती गेल्या. आईने परोपरीने विनवले, तरी त्यांचा निश्चय ढळला नाही. तीन दिवस अहिल्याबाईंनी अन्न घेतले नाही. नंतर मात्र त्या पुन्हा नित्यकर्माला व राज्यकारभाराला लागल्या. मन झिजले, पण नेम मोडला नाही. दि. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे त्यांचे देहावसान झाले.

एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला, तेव्हा त्यांनी तो नर्मदेत सोडून देण्यास सांगितले, अशी कथा आहे. स्तुती पाण्यात गेली आणि काम मागे राहिले. तेही आपोआप राहिले नाही. सन १८१८ मध्ये होळकरांची राजधानी इंदूरला गेली आणि महेश्वरचे वैभव ओसरले. अहिल्याबाईंनी विणकर वसवून वाढविलेला तिथला लुगड्यांचा धंदा विसाव्या शतकात मोडकळीस आला होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस काही जणांनी मन लावून प्रयत्न केले, तेव्हा ते माग पुन्हा चालू झाले. काशीच्या शिखराला सोने चढविले ते महाराजा रणजितसिंहांनी, आणि त्या मंदिराचा परिसर सन २०२१ मध्ये नव्याने विस्तारला गेला. सोमनाथला सन १९५१ मध्ये नवे भव्य मंदिर उभे राहिले. त्याच्या शेजारी अहिल्याबाईंच्या देवालयात आजही पूजा होते. एकाने उभारले आणि पुढच्यांनी सांभाळले, म्हणून हे सर्व टिकले.

जीर्ण झालेल्याचा उद्धार तो जीर्णोद्धार. तो प्रत्येक पिढीच्या वाट्याला येतो. ज्या ग्रामस्थांनी श्रमदान केले आणि ज्या दात्यांनी यथाशक्ती देणगी दिली, त्यांनी या जुन्या परंपरेतील आपला वाटा उचलला आहे. कळस चढला, तरी पुढच्या पावसाळ्याआधी गच्ची झाडणे, पन्हळी मोकळ्या करणे, दरजांतले रोप कोवळे असतानाच उपटणे आणि सांजेचा दिवा चुकू न देणे, एवढे काम बाकी राहतेच. त्याला पैसा थोडा लागतो, पण नेम फार लागतो. तो नेम गावाने पाळला, तर अहिल्याबाईंचे स्मरण सार्थकी लागेल.