शेजाऱ्यांच्या घरी पहिला खेळ

मिकी माऊस तुम्हांला ठाऊक आहे. डोनाल्ड डक हे रागीट बदकही तुमच्या ओळखीचे आहे. या दोघांना पडद्यावर आणणाऱ्या वॉल्ट डिस्ने यांचे नावही तुम्ही ऐकले असेल. पण डोनाल्डचे दोन जिवलग दोस्त आहेत, हे तुम्हांला माहीत आहे का? एक आहे ब्राझीलचा पोपट आणि दुसरा मेक्सिकोचा कोंबडा. ही दोस्ती कशी जमली, हे समजून घ्यायचे असेल तर डिस्ने यांच्या आयुष्यातील फार कठीण दिवसांकडे वळावे लागेल.

वॉल्ट डिस्ने यांचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात झाला. वडिलांचे नाव इलायस आणि आईचे नाव फ्लोरा. वॉल्ट लहान असतानाच हे कुटुंब मिसुरी राज्यातील मार्सेलिन या गावी शेती करू लागले. तेथे गाई, घोडे आणि कोंबड्या यांच्या संगतीत वॉल्टला चित्रे काढण्याचा नाद लागला. पण शेती टिकली नाही. कुटुंब कॅन्सस सिटी या शहरात आले. वडिलांनी घरोघर वर्तमानपत्रे पोचवण्याचे काम घेतले. वॉल्ट आणि त्याचा मोठा भाऊ रॉय पहाटे अंधारात उठून ती वाटत. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ साचलेले असे, तरी कामात खंड पडत नसे. त्यानंतर शाळा! पहाटेच्या जागरणामुळे वॉल्टला वर्गात पेंग येई.

मोठेपणी वॉल्ट यांनी चित्रकलेलाच आपला व्यवसाय केले. १९२२ मध्ये त्यांनी पहिली चित्रपटसंस्था काढली. पण ती दुसऱ्याच वर्षी बुडाली. १९२३ मध्ये ते हॉलिवूडला गेले आणि रॉयच्या साथीने त्यांनी पुन्हा काम सुरू केले. १९२८ मध्ये मिकी माऊस पडद्यावर आला आणि डिस्ने यांचे नाव जगभर पसरले. १९३७ मध्ये त्यांनी हिमगौरी आणि सात बुटके यांच्या गोष्टीवर मोठा व्यंगचित्रपट काढला. इतका वेळ कार्टून कोण पाहणार, अशी शंका अनेकांनी घेतली होती. पण चित्रपटगृहे भरून वाहिली. त्या पैशांतून बरबँक येथे नवा प्रशस्त स्टुडिओ उभा राहिला.

मग दिवस फिरले. सप्टेंबर १९३९ मध्ये युरोपात दुसरे महायुद्ध पेटले. तिकडच्या चित्रपटगृहांतून येणारी मिळकत थांबली. १९४० मध्ये डिस्ने यांनी 'पिनोकिओ' आणि 'फँटेशिया' हे दोन मोठे चित्रपट प्रदर्शित केले. दोन्ही सुंदर होते. पण खर्चही भरून निघाला नाही. डोक्यावर कर्ज चढले. इकडे स्टुडिओतील कलावंत पगारावर नाराज होते. त्यांना आपली संघटना हवी होती. डिस्ने यांनी त्यांचे म्हणणे समजून घेतले नाही. उलट संघटनेसाठी झटणाऱ्या काही जणांना त्यांनी कामावरून काढले. मे १९४१ मध्ये संप झाला. कालपर्यंत शेजारी बसून चित्रे काढणारी माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली. डिस्ने यांच्या मनाला ही गोष्ट फार लागली.

याच सुमारास अमेरिकेच्या सरकारचा निरोप आला. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी दक्षिणेकडील देशांशी चांगल्या शेजाऱ्याप्रमाणे वागण्याचे धोरण १९३३ पासून स्वीकारले होते. आता तर युद्ध सुरू होते. दक्षिण अमेरिकेतील लोक हिटलरच्या जर्मनीकडे झुकतील, अशी भीती सरकारला वाटत होती. तिकडे मिकी आणि डोनाल्ड फार लोकप्रिय होते. म्हणून डिस्ने यांनी त्या देशांत सदिच्छा भेटीसाठी जावे, असे सरकारने सुचवले. नुसते हस्तांदोलन करत फिरणे डिस्ने यांना पसंत नव्हते. तिकडे जाऊन चित्रपटासाठी साहित्य गोळा करायचे असेल तर येतो, असे त्यांनी कळवले. सरकारने ते मान्य केले.

ऑगस्ट १९४१ मध्ये ते पत्नी लिलियन आणि निवडक चित्रकार, लेखक व संगीतकार यांना घेऊन निघाले. ब्राझील, अर्जेंटिना, चिली असा त्यांचा प्रवास झाला. काही चित्रकार टिटिकाका या उंच डोंगरातील सरोवरापर्यंत गेले. त्यांनी बाजार पाहिले, नाच पाहिले, गाणी ऐकली. गाउचो म्हणजे अर्जेंटिनाच्या कुरणांतील घोडेस्वार गुराखी. त्यांचा पोशाख, त्यांचे खोगीर, त्यांची चाल हे सर्व वहीत उतरले. मेरी ब्लेअर या चित्रकर्तीची रंगसंगती तर या प्रवासाने कायमची बदलून गेली. डिस्ने परदेशी असतानाच स्टुडिओतील संप मिटला. पण त्याच काळात, सप्टेंबरमध्ये, त्यांचे वडील वारले. अंत्यविधीला पोचणे त्यांना शक्य झाले नाही. हे दुःख मनात ठेवून त्यांनी हाती घेतलेले काम चालू ठेवले.

प्रवासातून चार छोट्या गोष्टी तयार झाल्या. त्या निरनिराळ्या दाखवाव्यात, असे आधी ठरले होते. पण मग अडचण लक्षात आली. ब्राझीलची गोष्ट ब्राझीलमध्ये चालेल, अर्जेंटिनाची अर्जेंटिनात. पण शेजारचा देश ती पाहीलच असे नाही. म्हणून चारही गोष्टी एका धाग्यात ओवल्या गेल्या. 'सालुदोस आमिगोस' हे त्या चित्रपटाचे नाव. स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ मित्रांना नमस्कार असा होतो. या चित्रपटात होसे कारियोका हा ब्राझीलचा पोपट पहिल्यांदा डोनाल्डला भेटला. पोपटाला आवाज दिला तोही एका ब्राझीलच्या संगीतकाराने.

चित्रपट पहिल्यांदा कोठे दाखवला असेल, सांगा पाहू! न्यूयॉर्कमध्ये नाही की हॉलिवूडमध्ये नाही. २४ ऑगस्ट १९४२ रोजी त्याचा पहिला खेळ ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे झाला. अमेरिकेतील प्रेक्षकांना तो फेब्रुवारी १९४३ मध्ये पाहायला मिळाला. ज्यांची गोष्ट, त्यांना ती आधी. ब्राझीलमध्ये पोर्तुगीज बोलतात आणि आजूबाजूच्या बहुतेक देशांत स्पॅनिश. म्हणून चित्रपट या दोन्ही भाषांत तयार केला होता. प्रेक्षकांनी त्याचे मनापासून स्वागत केले.

तरीही सगळे खूश झाले असे नाही. चित्रपटात चिली देशाच्या वाट्याला पेद्रो नावाचे एक छोटे विमान आले होते. ते अँडीज पर्वत ओलांडून टपाल आणते. आपल्या देशाची ओळख म्हणून एवढेसे विमान दाखवावे, हे चिलीतील काही लोकांना रुचले नाही. तेथील एका व्यंगचित्रकाराने १९४९ मध्ये काँडोरितो नावाचे पात्र निर्माण केले. काँडोर हा चिलीच्या राष्ट्रचिन्हावरील मोठा गिधाडासारखा पक्षी. पेद्रोला दिलेले हे उत्तर होते, असे सांगतात. पाहुणा घर पाहून जातो. पण घराची खरी गोष्ट घरातील माणसालाच ठाऊक असते.

पहिला चित्रपट चालला, तेव्हा पुढचा भाग काढायचे ठरले. पहिल्या भागात मेक्सिको हा अगदी लगतचा शेजारी राहून गेला होता. आता डिस्ने आणि त्यांचे सहकारी मेक्सिकोलाही जाऊन आले. नव्या चित्रपटाचे नाव 'द थ्री कॅबालेरोज', म्हणजे तीन उमदे दोस्त. त्याची कल्पना सोपी आणि गोड होती. डोनाल्डच्या वाढदिवसाला दक्षिणेकडील मित्रांकडून भेटींची मोठी पेटी येते. एका भेटीतून चित्रपट निघतो, दुसरीतून ब्राझीलचे पुस्तक आणि तिसरीतून मेक्सिकोचा पिन्याता. पिन्याता म्हणजे खाऊने भरलेले आणि कागदांनी सजवलेले टांगते भांडे. मुले डोळे बांधून काठीने ते फोडतात. आपल्याकडच्या दहीहंडीची आठवण यावी असाच हा खेळ! या वेळी पोपटाच्या जोडीला पांचितो हा मेक्सिकोचा कोंबडाही आला. त्याच्या जोडीने मित्रांचे त्रिकूट पुरे झाले.

दुसरा भाग लोकांपर्यंत पोचवण्याची तयारीही नीट केली होती. पांचितोची ओळख प्रेक्षकांना आधीच व्हावी, म्हणून नोव्हेंबर १९४४ पासून अमेरिकेतील वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पानावर त्याची चित्रकथा येऊ लागली. त्याआधी त्या जागी पोपटाची चित्रकथा येत असे. लहानपणी ज्या वर्तमानपत्रांच्या ओझ्याने वॉल्टचे खांदे दुखत, तीच वर्तमानपत्रे आता त्यांच्या पात्रांना घरोघर पोचवत होती. गाण्यांची निवडही विचारपूर्वक केली होती. ब्राझीलचे आरी बारोसो आणि मेक्सिकोचे आगुस्तिन लारा या नामवंत संगीतकारांच्या चाली चित्रपटात होत्या. त्या देशांतील लोकांच्या ओठांवर त्या आधीपासूनच होत्या. ब्राझीलसाठी तर चित्रपटाचे नावच बदलले. तेथील बाईया या प्रदेशात तुम्ही कधी गेला आहात का, अशा अर्थाचे पोर्तुगीज नाव त्याला दिले.

पहिल्या खेळाचा मान या वेळी मेक्सिको सिटीला मिळाला. तारीख होती २१ डिसेंबर १९४४. मेक्सिकोत १६ ते २४ डिसेंबर या नऊ रात्री पोसादास नावाचा उत्सव असतो. मुले मेणबत्त्या घेऊन दारोदार आसरा मागत फिरतात आणि शेवटी पिन्याता फोडतात. या उत्सवाचे चित्रण चित्रपटातही आहे. म्हणजे जे पडद्यावर दिसत होते, तेच त्या दिवसांत बाहेर गल्लीतही चालले होते! अमेरिकेत हा चित्रपट ३ फेब्रुवारी १९४५ रोजी प्रदर्शित झाला. तेथील टीकाकारांची मते मात्र वेगवेगळी पडली. खरी माणसे आणि काढलेली चित्रे एकत्र नाचताना पाहून कोणी थक्क झाले, तर कोणाला तो रंगांचा गोंधळ वाटला.

या दोन चित्रपटांनी डिस्ने यांची सारी चिंता मिटली नाही. पण युद्धाच्या दिवसांत स्टुडिओतील दिवे तेवत राहिले, ते अशा कामांमुळेच. पुढे त्यांनी आणखी मोठी कामे केली. १९५५ मध्ये डिस्नेलँड हे उद्यान उघडले. स्पर्धेतील २२ ऑस्कर पारितोषिके त्यांना मिळाली. १५ डिसेंबर १९६६ रोजी, पासष्टावा वाढदिवस होऊन दहा दिवस झाले असताना, त्यांचे निधन झाले. त्यांची ती तीन पाखरे मात्र टिकून राहिली. पोपटाच्या नावाचे चित्रकथांचे नियतकालिक ब्राझीलमध्ये अनेक वर्षे निघत होते.

मित्रांनो, डिस्ने यांना सरकारने पाठवले होते आणि त्यांना स्वतःलाही पैशांची गरज होती, हे खरे आहे. तरीही त्यांनी एक गोष्ट ओळखली. शेजाऱ्याच्या घरी जायचे तर त्याचे अंगण पाहावे, त्याचे गाणे ऐकावे आणि त्याच्या भाषेत बोलावे. ज्या शेजाऱ्याला आपण नीट पाहिले नाही, तो रुसतो, हेही चिलीच्या गोष्टीवरून दिसते. तुम्ही घरी उर्दू बोलता आणि शाळेत मराठी शिकता. या पुस्तकातील प्रत्येक नवा शब्द तुम्हांला कोणाच्या तरी दारापर्यंत नेतो. ते दार वाजवून पाहा. आतून कोण हसत बाहेर येईल, ते आधी सांगता येत नाही!