देवमाशाच्या सोबतिणीची नोंद ठेवणारी कॅरोलिन

कर्जत-खालापूर परिसरात मुंबईच्या दिव्यांपासून दूर एखाद्या माळावर एप्रिलमधील अमावास्येला दुर्बीण लावली, तर मध्यरात्रीच्या सुमारास जवळजवळ माथ्यावर आलेल्या श्यामशबल तारकासमूहात प्रकाशाची एक लांबट रेघ दिसते. ही कडेवरून दिसणारी सर्पिल दीर्घिका, एनजीसी ४६३१. आकारामुळे तिला देवमासा म्हणतात. तिच्या लगतची फिकट ठिपक्यासारखी दीर्घिका म्हणजे एनजीसी ४६२७. अडीच कोटी प्रकाशवर्षांवरील ही जोडी विल्यम हर्शेल यांना २० मार्च १७८७ रोजी इंग्लंडमधून प्रथम दिसली. दुर्बिणीपाशी भावाने सांगायचे आणि बहिणीने घड्याळ पाहून टिपून घ्यायचे, ही त्या घरातील रीत होती.

त्या भगिनी कॅरोलिन हर्शेल यांचा जन्म १६ मार्च १७५० रोजी जर्मनीतील हॅनोव्हर येथे झाला. दहाव्या वर्षी झालेल्या टायफसने त्यांची वाढ खुंटली. उंची सव्वाचार फुटांच्या आसपासच राहिली. मुलीने घरकाम करावे, अशी आईची इच्छा होती. १७७२ मध्ये विल्यम यांनी त्यांना इंग्लंडला नेले. तेथे त्या गायिका झाल्या. पण भावाला आकाशाचा ध्यास लागताच गाणे मागे पडले. आरसे घासण्यात गढलेल्या भावाला त्या घासही भरवीत. १७८३ च्या अखेरीस बर्फाळ रात्री दुर्बिणीजवळचा लोखंडी आकडा त्यांच्या पायात घुसला, तरी काम सुटले नाही.

१ ऑगस्ट १७८६ रोजी कॅरोलिन यांनी स्वतः एक धूमकेतू शोधला. १७९७ पर्यंत अशा आठ धूमकेतूंचा शोध त्यांच्या नावे जमा झाला. १७८७ मध्येच राजाने त्यांना वर्षाला ५० पौंड वेतन सुरू केले. विज्ञानकार्यासाठी स्त्रीला असे वेतन मिळणे त्या काळी दुर्मीळ होते.

विल्यम १८२२ मध्ये निवर्तल्यावर त्या हॅनोव्हरला परतल्या आणि भावाने पाहिलेल्या सुमारे अडीच हजार तेजोमेघांची यादी त्यांनी सिद्ध केली. त्यासाठी १८२८ मध्ये त्यांना रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदक लाभले. पुतणे जॉन यांचे पुढील निरीक्षण याच यादीच्या आधारे झाले. जॉन यांच्या १८६४ च्या सूचीवरून ड्रायर यांनी १८८८ मध्ये जी सूची रचली, तीतीलच ४६३१ आणि ४६२७ हे क्रमांक होत.

९ जानेवारी १८४८ रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी कॅरोलिन यांचे निधन झाले. देवमाशाच्या शेजारचा तो फिकट ठिपका आजही जगभरचे निरीक्षक त्याच क्रमांकाने शोधतात.