श्रीमंत सयाजीराव गायकवाड आणि शिक्षणाची साधने

ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवी ग्रंथात बडोद्याचे श्रीमंत महाराज सयाजीराव गायकवाड यांचे स्मरण व्हावे, हे उचितच आहे. हिंदुस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांची योजनाबद्ध चळवळ ज्या राज्यात प्रथम मूळ धरू शकली, त्या राज्याचे ते अधिपती. त्यांच्या सामाजिक सुधारणा, त्यांचे विद्वानांना व कलावंतांना लाभलेले उदार आश्रयदातृत्व, त्यांचे परदेशप्रवास यांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राची एकच बाजू विशेषेकरून पाहावयाची आहे. नवी साधने आणि नवी यंत्रे शिक्षणाच्या कामी कशी आणावीत, आणि ती शिक्षकाच्या हाती कशी रुळवावीत, हा प्रश्न या राजाने जवळजवळ अर्धशतक हाताळला. आज संगणकाच्या युगात तोच प्रश्न आपल्यापुढे नव्या वेषात उभा आहे.

महाराजांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात झाला. पाळण्यातले नाव गोपाळ. वडील काशीराव हे गायकवाड घराण्याच्या एका दूरच्या शाखेतील, चरितार्थ शेतीवर. १८७५ साली मल्हारराव गायकवाड यांना इंग्रज सरकारने पदच्युत केले आणि खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची अनुज्ञा मिळाली. निवड गोपाळची झाली, आणि २७ मे १८७५ रोजी बारा वर्षांचा हा शेतकऱ्याचा मुलगा सयाजीराव या नावाने गादीवर बसला.

त्या वेळी त्याला अक्षरओळखही जेमतेमच होती. राज्यकारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते आणि बालराजाच्या शिक्षणाची जबाबदारी एफ. ए. एच. इलियट या सनदी अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आली होती. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चार भाषा, त्यांच्या जोडीला गणित, इतिहास आणि व्यायाम, असा तो भरगच्च अभ्यास होता. ज्या वयात इतर मुले प्राथमिक शाळा संपवितात त्या वयात या मुलाने ती सुरू केली. उशिरा शिकणाऱ्याला अक्षराची किंमत अधिक कळते, आणि शिकविण्याची रीत चुकली तर काय सोसावे लागते हेही कळते. पुढील आयुष्यातील त्यांच्या शैक्षणिक ध्यासाचे मूळ या वर्षांत शोधावे लागेल. २८ डिसेंबर १८८१ रोजी त्यांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते.

राज्य सलग नव्हते. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली हे चार प्रांत गुजरात-काठेवाडात विखुरलेले. मध्ये इंग्रजी मुलूख आणि इतर संस्थाने. प्रजा बहुतांशी गुजराती बोलणारी, तर राजघराणे, सरदार आणि कारकुनांचा मोठा वर्ग मराठी. अशा राज्यात एखादी योजना आखणे सोपे, परंतु ती शेवटच्या खेड्यापर्यंत पोहोचविणे फार अवघड होते. महाराजांच्या प्रत्येक शैक्षणिक प्रयोगात ही दळणवळणाची अडचण डोळ्यांपुढे ठेवलेली दिसते.

पहिला मोठा प्रयोग कलाभवनाचा. १८९० साली प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्या पुढाकाराने ही संस्था बडोद्यात स्थापन झाली. गज्जर हे रसायनशास्त्राचे अध्यापक. योगायोगाने महाराजांच्याच वयाचे. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम, चित्रकला असे विषय तेथे शिकविले जात, आणि तेही देशी भाषेतून. यामागील विचार स्पष्ट होता. कारागिराच्या मुलाला यंत्र समजावयाचे असेल तर आधी वर्षानुवर्षे इंग्रजी शिकण्याची अट त्याच्यावर घालता कामा नये. परंतु देशी भाषेत शिकवावयाचे म्हटले की पुस्तके नव्हती, परिभाषा नव्हती. म्हणून महाराजांच्या द्रव्यसाहाय्याने गज्जरांनी शास्त्रीय व औद्योगिक विषयांवरील ग्रंथांची माला हाती घेतली. यंत्र आणि त्याचे ज्ञान सांगणारी भाषा ही दोन्ही एकदमच सिद्ध व्हावी लागतात, ही जाण त्या काळी दुर्मिळ होती. याच कलाभवनात नाशिककडील एक तरुण छायाचित्रण आदी कला शिकून गेला. पुढे १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढणारे दादासाहेब फाळके ते हेच.

दुसरा प्रयोग सक्तीच्या शिक्षणाचा. १८९३ साली अमरेली शहर आणि आसपासच्या काही गावांत प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्यात आले. अनुभव घेऊन, नियमांत दुरुस्त्या करून, १९०६ साली ते सर्व राज्यात लागू झाले. त्यात मुलींचाही समावेश होता. नामदार गोखले यांनी पुढे मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यापुढे होते. ते विधेयक फेटाळले गेले. इंग्रज सरकारला जे परवडत नव्हते ते एक संस्थानिक करीत होता, ही गोष्ट त्या काळी अनेकांच्या मनात भरली.

तथापि सक्तीने एक नवाच प्रश्न उभा केला. मूल चार-पाच वर्षे शाळेत जाई, लिहावयास-वाचावयास शिके, आणि शाळा सुटली की शेतात किंवा गुरांमागे जाई. घरी पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र नाही. थोड्याच वर्षांत आलेले अक्षर विसरले जाई आणि राज्याचा खर्च, शिक्षकाचे श्रम व मुलाची वर्षे ही तिन्ही वाया जात. शाळेत न येणाऱ्या मुलांच्या पालकांना दंडही होत असे. गरीब कुटुंबाकडून दंड घ्यावयाचा आणि त्या मुलाच्या पदरी टिकाऊ असे काहीच पडू द्यावयाचे नाही, हा अन्यायच ठरला असता. बडोद्याची ग्रंथालय चळवळ ही याच प्रश्नातून जन्मास आली.

अमेरिकेच्या प्रवासात तेथील सार्वजनिक ग्रंथालये महाराजांनी पाहिली होती. १९१० साली त्यांनी कनेटिकट राज्यातील न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना बडोद्यास आणले. बॉर्डन सुमारे तीन वर्षे राहिले. त्या अवधीत त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसविली, ग्रंथवर्गीकरणाची स्वतंत्र पद्धती तयार केली, आणि १९११ साली ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला. स्वतः महाराजांनी राजवाड्यातील सुमारे वीस हजार ग्रंथांचा संग्रह मध्यवर्ती ग्रंथालयास देऊन टाकला. स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी स्वतंत्र विभाग निघाले. १९१२ साली इंग्रजी, मराठी व गुजराती मजकूर असलेले ग्रंथालयविषयक नियतकालिकही येथूनच निघू लागले. बॉर्डन परतल्यानंतर जनार्दन सखाराम कुडाळकर आणि पुढे न्यूटन मोहन दत्त यांनी ही परंपरा चालविली. खेड्यांतील ग्रंथालयांसाठी मोतीभाई अमीन यांनी आपले आयुष्य वेचले.

खेड्यासाठी जी व्यवस्था ठरली तिच्यात व्यवहारचातुर्य होते. ग्रामस्थांनी रक्कम उभी करावयाची. तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच राज्याने घालावयाची. गावाने आपला वाटा उचलल्याखेरीज दरबारचा पैसा येत नसे, म्हणून गावाला ते ग्रंथालय आपले वाटे. जेथे ग्रंथालय नव्हते तेथे फिरती ग्रंथालये जात. निवडक पुस्तके भरलेल्या मजबूत लाकडी पेट्या एका गावाहून दुसऱ्या गावी फिरत आणि वाचून झाल्या की परत येत. अशी पेटी गावात आली की ती सांभाळणार कोण, पुस्तके देणार-घेणार कोण, तर बहुधा शाळेचे मास्तरच. अशा प्रकारे खेड्यातील शिक्षक हा नकळत ग्रंथपाल झाला.

परंतु ज्यांना वाचताच येत नव्हते त्यांचे काय? या प्रश्नाचे उत्तर म्हणून ग्रंथालय खात्यातच दृश्यशिक्षणाची एक शाखा काढण्यात आली, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. ग्रंथालय खात्याने पुस्तकांखेरीज चित्रे दाखवावीत, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. या शाखेकडे जादूचे कंदील होते. काचेच्या पट्टीवर उतरविलेले चित्र दिव्याच्या प्रकाशाने व भिंगाच्या साहाय्याने पांढऱ्या पडद्यावर मोठे करून दाखविणारे हे यंत्र. कागदावरील साधे चित्रही पडद्यावर पाडणारी यंत्रे होती. द्विनेत्री चित्रदर्शक होते. किंचित वेगळ्या कोनांतून घेतलेली दोन छायाचित्रे दोन भिंगांतून एकदम पाहिली की डोळ्यांपुढे खोली असलेले एकच दृश्य उभे राहते, आणि ज्याने आपला तालुका ओलांडलेला नाही त्याला दूरदेशीचा पर्वत किंवा नगर जणू समोर दिसते. यांच्या जोडीला चलच्चित्राची यंत्रेही होती. गावोगाव त्यांचे खेळ विनामूल्य होत, आणि आरोग्य, शेती, भूगोल, उद्योग हे विषय डोळ्यांवाटे मनात उतरत.

या यंत्रांचा एक गुणधर्म ध्यानात घेण्याजोगा आहे. काचेवरचे चित्र मुके असते. त्या काळचा चित्रपटही मुकाच होता. पडद्यावर डास दिसला तरी तो हिवतापाचा वाहक आहे हे कोणीतरी सांगावे लागे, आणि तेही गावच्या बोलीत. म्हणजे यंत्र आले तरी शिक्षकाचे काम संपले नाही. उलट ते अधिक जबाबदारीचे झाले. जो शिक्षक केवळ पाठांतर करून घेत असे, त्याला आता समजावून सांगावे लागणार होते आणि अनपेक्षित प्रश्नांना उत्तरे द्यावी लागणार होती. नव्या साधनाची भीती शिक्षकाला वाटते ती बहुधा याच कारणाने. महाराजांच्या राज्यपद्धतीचा विशेष असा, की साधन आणि ते चालविणाऱ्याचे प्रशिक्षण यांचा विचार एकत्र होई. ग्रंथालयाबरोबर ग्रंथपालांचे वर्ग आले. १९३५ साली बडोद्यात माध्यमिक शिक्षकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय निघाले आणि १९४९ साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ते शिक्षण व मानसशास्त्र विद्याशाखा म्हणून विकसित झाले. कलाभवनही त्याच विद्यापीठाची तंत्रशास्त्र व अभियांत्रिकी शाखा झाले.

या कार्याच्या मर्यादाही नमूद करावयास हव्यात. हे सारे एका राजाच्या आज्ञेने होत होते. प्रजेचा त्यात निर्णायक आवाज नव्हता. महाराज प्रकृतीच्या कारणाने वारंवार युरोपात असत आणि कारभार अधिकाऱ्यांच्या हाती राही. सर्वांत कठीण ठरले ते लोकमानस. अस्पृश्य गणलेल्या मुलांसाठी महाराजांनी आपल्या राजवटीच्या आरंभीच शाळा काढल्या, पण त्यांत शिकवावयास सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात. मुसलमान शिक्षक नेमावे लागले आणि पुढे आर्यसमाजाचे पंडित आत्मारामजी यांनी ते काम अंगावर घेतले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. परंतु १९१७ साली नोकरीसाठी ते बडोद्यास परत आले तेव्हा या शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही आणि त्यांना शहर सोडावे लागले. ज्या नगरीत ग्रंथालये आणि चित्रयंत्रे यांची रेलचेल होती तेथेच हे घडले. साधने आणता येतात, कायदे करता येतात. माणसाचे मन मात्र त्या गतीने बदलत नाही. बडोद्याच्या शैक्षणिक इतिहासाचा अभिमान बाळगणाऱ्याने हा धडा दृष्टीआड करू नये.

उत्तरायुष्यात महाराजांना साहित्यक्षेत्रातही मान मिळाला. १९३२ साली कोल्हापूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. मध्यवर्ती ग्रंथालयाची लोखंडी मांडण्यांची आणि काचेच्या तक्तपोशीची प्रशस्त इमारत त्यांच्या हयातीतच उभी राहिली. वरच्या मजल्याची जमीनच काचेची असल्याने उजेड खाली झिरपतो आणि भर दुपारी दिव्यावाचून पुस्तक सापडते. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबई येथे महाराजांचे देहावसान झाले. त्रेसष्ट वर्षांहून अधिक काळ ते गादीवर होते.

आज जादूच्या कंदिलाची जागा संगणकाने आणि हातातील दूरध्वनीने घेतली आहे. पेटीत मावणाऱ्या पुस्तकांच्या कितीतरी पट ग्रंथ आता एका बोटाच्या स्पर्शाने उघडतात. तरीही पुष्कळ शाळांत यंत्र कुलपात असते, कारण ते बिघडले तर जबाबदारी कोणाची हे ठरलेले नसते आणि शिक्षकाला ते शिकविण्याची व्यवस्था कोणी केलेली नसते. ग्रंथालयांना येथे मोठे काम आहे. आपल्या परिसरातील शिक्षकांना दर आठवड्यास दोन तास बोलवावे, नवी साधने त्यांच्या हाती द्यावीत, चुकू द्यावे, पुन्हा करू द्यावे. आणि या कामाचा खर्च सभासदांनी व आश्रयदात्यांनी आपला वाटा म्हणून उचलावा. गावाने आपला भाग घातला की उरलेला दुसरीकडून मिळतो, हा हिशेब बडोदे राज्यातील खेड्यांनी एकेकाळी खरा करून दाखविला होता. शताब्दीच्या निमित्ताने सयाजीराव महाराजांचे स्मरण करताना आपणही तेवढे करावे, ही या लेखाच्या शेवटी वाचकांस विनंती आहे.